प्रागचा ओल्ड टाउन स्क्वेअर : घड्याळापलीकडे काय पाहावे?

चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग येथील ओल्ड टाउन स्क्वेअर हा युरोपातील सर्वांत प्रसिद्ध चौकांपैकी एक आहे. चेक भाषेत त्याला 'स्तारोम्येस्त्स्के नाम्येस्ती', म्हणजे जुन्या शहराचा चौक, म्हणतात. प्रागचा हा ऐतिहासिक भाग 1992 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. बहुतेक पर्यटक इथे घड्याळ पाहून पुढे निघतात. मात्र या चौकात कोणाचे स्मारक उभे राहावे आणि कोणाचे पाडले जावे, यावर चेक लोकांमध्ये शतकानुशतके वाद झाला आहे. त्याच्या खुणा आजही दिसतात.

खगोलीय घड्याळ

जुन्या नगरभवनाच्या दक्षिण भिंतीवरील हे घड्याळ 1410 मध्ये कादान गावच्या मिकुलाश या कारागिराने बनवले. त्यावर वेळेबरोबरच सूर्य-चंद्राची स्थिती आणि राशीही कळतात. सकाळी 9 ते रात्री 11 या वेळेत दर तासाला मृत्यूचे प्रतीक असलेला सांगाडा घंटा वाजवतो आणि वरच्या खिडक्यांतून येशूचे बारा शिष्य फिरताना दिसतात. हानुश नावाच्या कारागिराने हे घड्याळ बनवले आणि त्याने दुसरे असे घड्याळ बनवू नये म्हणून त्याचे डोळे काढले, अशी गोष्ट सांगितली जाते. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याच्या कथेसारखीच ही दंतकथा आहे.

जमिनीवरचे 27 क्रूस

नगरभवनाच्या पूर्वेला फरशीत 27 पांढरे क्रूस बसवलेले आहेत. बोहेमियातील प्रोटेस्टंट सरदारांनी कॅथलिक हाब्सबुर्ग राजसत्तेविरुद्ध बंड केले होते. नोव्हेंबर 1620 मध्ये व्हाइट माउंटनच्या लढाईत त्यांचा पराभव झाला. त्यानंतर 21 जून 1621 रोजी याच जागी बंडातील 27 जणांना जाहीर मृत्युदंड देण्यात आला. त्यांत सरदार होते, तसे सामान्य नागरिकही होते. त्यांपैकी 12 जणांची मुंडकी चार्ल्स पुलाच्या मनोऱ्यावर टांगून ठेवली होती. घड्याळाकडे पाहत उभे राहणारे अनेक जण नकळत या क्रूसांवरून चालत जातात.

हुस आणि मेरी

चौकातील मोठा पुतळा धर्मसुधारक यान हुस यांचा आहे. चर्चमधील भ्रष्टाचारावर टीका केल्याबद्दल 1415 मध्ये त्यांना जिवंत जाळण्यात आले. बरोबर 500 वर्षांनी, 1915 मध्ये, हे स्मारक उभे राहिले.

त्याच्याजवळच मेरीचा स्तंभ आहे. स्वीडिश सैन्यापासून शहर वाचले म्हणून तो 1650 मध्ये उभारला गेला. 1918 मध्ये चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र होताच, हाब्सबुर्ग राजवटीचे प्रतीक समजून जमावाने तो पाडला. बरीच वर्षे वाद झाल्यावर 2020 मध्ये त्याची प्रतिकृती तिथेच उभी राहिली. चर्चने जाळलेला सुधारक आणि चर्चला वंदनीय असलेली मेरी आता एकाच चौकात आहेत. स्तंभाची सावली भर दुपारी जिथे पडत असे, ती प्रागची रेखावृत्ताची रेषाही जमिनीवर दाखवलेली आहे.

मोकळी जागा आणि चर्च

नगरभवनाचा एक भाग मे 1945 मध्ये, दुसरे महायुद्ध संपता संपता, जळून नष्ट झाला. तो पुन्हा बांधला गेला नाही. म्हणून तिथे आज इमारतीऐवजी मोकळी जागा आणि झाडे दिसतात. समोर सुमारे 80 मीटर उंच जुळ्या मनोऱ्यांचे टिन चर्च आहे. तिथे खगोलशास्त्रज्ञ ट्युको ब्राहे यांची कबर आहे. त्यांचा मृत्यू 1601 मध्ये प्रागमध्येच झाला.

भेट देताना

- 'स्तारोम्येस्त्स्का' मेट्रो स्थानकापासून चौक चालत काही मिनिटांवर आहे.
- चौकात फिरायला तिकीट लागत नाही; नगरभवनाच्या मनोऱ्यासाठी मात्र ते लागते. वरपर्यंत लिफ्टची सोय आहे.
- क्रूस आणि स्मारके निवांत पाहायची असतील तर सकाळी लवकर जाणे सोयीचे. तासाचे टोले पडताना घड्याळाखाली गर्दी होते, तेव्हा पाकीट सांभाळावे.
- देशाचे चलन युरो नसून कोरुना आहे. पैसे बदलण्यापूर्वी हातात नेमके किती कोरुना मिळणार, हे विचारून घ्यावे.
- भारतीय पर्यटकांना शेंगेन व्हिसा लागतो.