मोरीतले तेल आणि वहीतली नोंद

जाफराबाद पूर्णा नदीच्या खोऱ्यात वसले आहे. तिथल्या हॉटेलात भज्यांची कढई धुतली, की तेलकट पाणी उतार धरते. त्या उताराची दिशा शेवटी पूर्णेची आणि पुढे गोदावरीची. हे तेल मोरीपाशीच अडवण्याची युक्ती कशी आली आणि तिला वहीची जोड का लागली, ते आपण पाहू या.

अमेरिकेत नॅथॅनियल व्हायटिंग यांना 1884 मध्ये ग्रीस ट्रॅपचे पेटंट मिळाले. तत्त्व साधे आहे. टाकीत पाणी संथ होते, निवते. हलके तेल वर तरंगते, खरकटे तळाशी बसते आणि मधले पाणी बाहेर पडते. मात्र थर साचत गेला, की टाकीतली जागा घटते, पाणी थांबत नाही आणि तेलही त्याच्यासोबत निघून जाते. म्हणून थर आणि गाळ मिळून चौथा हिस्सा भरला, की टाकी उपसावी असा दंडक अनेक ठिकाणी आहे. बाहेरून भरलेली आणि रिकामी टाकी सारखीच दिसते. खरे काय ते उपसल्याच्या तारखाच सांगतात. नोंदवही लागते ती यासाठी. हयगय झाली तर काय होते, हे 2017 मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात दिसले. तिथल्या गटारात चरबीचा सुमारे 250 मीटर लांब, 130 टनांचा गोळा सापडला.

महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध 1969 मध्येच स्वतःचा कायदा केला. 1970 मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. पुढे 1993 च्या केंद्रीय मानकांनी नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यात तेल व ग्रीसची मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम ठरवली. आता गणित करू. एक लिटर तेलाचे वजन सुमारे 920 ग्रॅम. ते या मर्यादेत आणायला सुमारे 92,000 लिटर पाणी हवे, म्हणजे दहा हजार लिटरचे नऊ टँकर भरूनही थोडे कमीच! मराठवाड्यात एवढे पाणी आणायचे कोठून?

तळणाच्या तेलात ध्रुवीय संयुगे 25 टक्क्यांहून अधिक नसावीत, हा नियम 1 जुलै 2018 पासून लागू झाला. रोज 50 लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यांना 1 मार्च 2019 पासून वापरलेल्या तेलाची नोंद बंधनकारक झाली. तालुक्याच्या गावातली लहान हॉटेले सहसा या वहीच्या बाहेर राहतात. त्यांचे तेल मात्र नदीबाहेर राहत नाही.

म्हणून शिक्षकांनी वरचे गणित फळ्यावर जरूर मांडावे. कढई धुण्याआधी कागदाने पुसून घेणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, हे मुले स्वतःच सांगतील.