गंजलेल्या गाड्यांची ओळख

पश्चिम फ्रान्समधील एका शेतावर २०१४ साली आर्टक्युरियल या लिलावसंस्थेचे तज्ज्ञ काही जुन्या मोटारी पाहायला गेले. पत्र्याच्या कामचलाऊ छपरांखाली, वेलींनी वेढलेल्या सुमारे ६० गाड्या तेथे गंजत होत्या. रोजे बायों या मालवाहतूक व्यावसायिकाने त्या १९५० च्या दशकापासून गोळा केल्या होत्या. त्याला त्यांचे संग्रहालय करायचे होते. परंतु १९७० च्या दशकात धंदा बसला, बऱ्याच गाड्या विकाव्या लागल्या आणि उरलेल्या तशाच पडून राहिल्या.

अशी गाडी नेमकी कोणती, हे कसे ठरवतात? बोधचिन्ह पाहिले की झाले, असे आपल्याला वाटते. पण पूर्वी महागड्या गाड्यांच्या बाबतीत कारखाना अनेकदा फक्त चासी (सांगाडा) आणि इंजिन पुरवी. बॉडी दुसरा कारागीर बांधी. या शेतावरच्या एका ताल्बो-लागो गाडीची बॉडी पॅरिसच्या साउत्शिकने बांधलेली होती, तर एका मासेरातीची इटलीतील फ्रुआने. म्हणजे एका गाडीची दोन जन्मस्थाने शोधायची!

पहिला पुरावा आकाराचा. दिवे सुटे आहेत की मडगार्डमध्ये बसवलेले, पुढची काच दोन तुकड्यांची आहे की एकसंध वळवलेली, यावरून अंदाजे काळ कळतो. भूशास्त्रज्ञ जीवाश्मांवरून खडकाच्या थराचा काळ ठरवतात, तसेच हे. मात्र येथे एक सावधगिरी हवी. गाडीचे भाग बदलले जातात. त्यामुळे सर्वांत नवा भाग गाडीचा जन्म सांगत नाही; निदान तोपर्यंत कोणी तिची डागडुजी करत होते, एवढेच सांगतो.

दुसरा पुरावा चासीवर ठोकलेल्या क्रमांकाचा. आज सर्वत्र रूढ असलेला १७ चिन्हांचा क्रमांक अमेरिकेत १९८१ पासून सक्तीचा झाला. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरत नाहीत, कारण ती १ आणि ० या अंकांसारखी दिसतात. त्याआधी प्रत्येक कारखान्याची पद्धत निराळी होती. क्रमांक गंजाने पुसट झाला किंवा कोणी घासून काढला, तरी आशा उरते. ठसा मारताना पृष्ठभागाखालचा धातूही दबतो. हा दबलेला धातू योग्य आम्लद्रावणात आजूबाजूच्या धातूपेक्षा लवकर झिजतो आणि अंक पुन्हा उमटतात.

तिसरा पुरावा कागदपत्रांचा. बायोंच्या गॅरेजात जुन्या मासिकांच्या ढिगाऱ्याखाली १९६१ ची एक फेरारी सापडली. '२५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर' या प्रकारच्या आखूड चासीच्या गाड्या साठाहूनही कमी बनल्या होत्या. तिचा चासी क्रमांक होता २९३५ जीटी. नोंदींवरून ती एकेकाळी अभिनेता आलँ देलाँ याची असल्याचे ठरले. त्याची त्या गाडीतली छायाचित्रेही उपलब्ध होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला झालेल्या लिलावात संग्रहातील सर्व गाड्यांचे मिळून सुमारे अडीच कोटी युरो आले. त्यांपैकी १.६ कोटींहून अधिक एकट्या फेरारीचे होते.

किमतीचा हा आकडा डोळे दिपवणारा आहे. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे वेगळेच आहे. ओळख पटण्याआधी कोणी या गाड्या उत्साहाने घासूनपुसून रंगवल्या असत्या, तर मूळ रंगाचे थर, कारागिराच्या पट्ट्या आणि ठसे नाहीसे झाले असते. भंगारवाल्याकडे गेल्या असत्या तर उरले असते फक्त लोखंड. वस्तू जुनी आहे म्हणून तिला इतिहास मिळत नाही. वस्तू, क्रमांक आणि नोंद या तिघांची साक्ष जुळावी लागते, आणि त्यांतली एक जरी हरवली तरी उरलेल्या दोघी मुक्या होतात.

हा प्रयोग वर्गाबाहेर सहज करता येईल. शाळेच्या आवारातील एखाद्या स्कूटरचा चासी क्रमांक विद्यार्थ्यांना शोधू द्यावा आणि मालकाच्या परवानगीने तो नोंदणीपत्राशी ताडून पाहू द्यावा. पुरावा कशाला म्हणतात, हे त्यांना व्याख्येशिवाय समजेल.