रुमालाखालचा भाव

डिसेंबर 1926. धुळ्याच्या कापूस बाजारात तुम्ही दिवस उजाडताना शिरता. नाकाला आधी शेणाचा वास लागतो, मग शेकोट्यांचा धूर. कापसाचा वास मात्र येत नाही, आणि येऊ नये हेच बरे. कोरड्या कापसाला वास जवळजवळ नसतोच. एखाद्या गाडीपाशी आंबूस, कोंदट वास आला तर समजा, माल ओला आहे, किंवा वजन वाढावे म्हणून रात्री कोणीतरी पाणी मारले आहे.

आज तुम्ही एका खरेदीदाराकडे उमेदवार आहात. हुद्दा नाही, पगार नाही. मुनीमकाकांच्या मागे फिरायचे आणि शिकायचे. काका पहिल्या गाडीपाशी थांबतात. वरचा कापूस ते बघतही नाहीत. कोपरापर्यंत हात आत घालून पोटातला कापूस ओढून काढतात.

"वरचा माल गिऱ्हाइकाला दाखवायचा असतो. घ्यायचा तो आतला."

हा संशय जुना आहे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा खानदेशच्या कापसावर उड्या पडल्या. त्याच सुमारास रेल्वे आली आणि जळगावची पेठ फुगली. भाव चढले तसे कापसात पाणी, माती, सरकी, जुनी रुई असे काय काय मिसळले जाऊ लागले. शेवटी मुंबई सरकारला 1863 मध्ये या भेसळीविरुद्ध कायदाच करावा लागला. काकांचा जन्म बहुधा त्यानंतरचा, पण हात अजून त्या काळातला आहे.

आता तुमची पाळी. मूठभर कापूस घट्ट दाबा आणि सोडा. उसळून फुलला तर कोरडा, गोळा होऊन बसला तर ओल आहे. एक सरकी दाताखाली धरा. कट्‌ आवाज झाला पाहिजे. नुसतीच चेपली तर मानेनेच नाही म्हणा. मग सूर्याकडे पाठ करून रंग पाहा. पिवळी झाक, कवडीचे डाग, पाचोळ्याचा चुरा, सगळे मनात टिपून ठेवा. तोंडाने काही बोलायचे नाही.

खरी परीक्षा धाग्याची. सरकीवरची रुई अलगद सोडवून दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीत धरा आणि ओढा. अर्धी या हातात, अर्धी त्या हातात. दोन्ही पुन्हा एकावर एक ठेवून ओढा. आखूड तंतू गळत जातात, उरलेले सरळ होत जातात. पाच-सहा ओढींनंतर चिमटीत एक रेशमी पट्टी राहते. काका ती आपल्या काळ्या कोटाच्या बाहीवर ठेवतात. अर्ध्या इंचाच्या थोडी पुढे. मग ती कानाजवळ नेऊन झटक्यात तोडतात. आवाज कसा आला, ते तुम्हाला विचारतात. तुम्हाला काहीच ऐकू आलेले नसते. काकांना त्याचे नवल वाटत नाही.

हा रोझियम जातीचा कापूस. धागा आखूड, स्पर्श जरा खरखरीत, पण उतारा जबरदस्त: शंभर शेर कापसातून अडतीस-चाळीस शेर रुई. लांब, मऊ धाग्याची बनी तिशीच्या आसपासच रखडते. चांगल्या धाग्याचे गोडवे सरकारी शेतकी खात्यापासून गिरणीमालकापर्यंत सगळे गातात. पैसे मोजताना मात्र उतारा बघतात. शेतकऱ्याने रोझियम पेरला तर त्याला अडाणी का म्हणावे, हे मला कधी कळलेले नाही. शिवाय जपानी गिरण्यांना हाच आखूड कापूस अमेरिकन रुईत मिसळायला हवा असतो. मुंबईमार्गे बाहेर पडला की त्याचे खानदेशी नावही जाते. लिव्हरपूलच्या दलालांच्या वहीत तो अमरावतीच्या नावाने 'उमरा' म्हणून चढतो.

काकांनी मनात भाव ठरवला आहे. आता गंमत बघा, म्हणजे बघता येत नाही तीच गंमत. अडत्या पुढे येतो, काका हात पुढे करतात आणि दोन्ही हातांवर रुमाल पडतो. एक बोट धरले की एक, चार धरली की चार, सगळा पंजा म्हणजे पाच. रुपये की आणे, तेवढे तोंडाने पुटपुटायचे. याला हत्ता म्हणतात. रुमाल हलतो, थांबतो, पुन्हा हलतो. अडत्या दुसऱ्या खरेदीदाराकडे जातो, तिथेही तेच. ज्याचा कापूस आहे तो शेतकरी दोन हातांवर उभा राहून रुमालाकडे बघतो आहे.

"कितला भाव भेटना, दादा?" तो तुम्हाला विचारतो.

तुम्हालाही माहीत नाही. एवढे मात्र खरे, की काकांच्या बोटांनी कापसाशी लबाडी केलेली नाही. लबाडीला जागा आहे ती रुमालाखाली, आणि नंतर काट्यापाशी. तिथे कडता कापला जाईल, हमाली, तोलाई, धर्मादाय वजा होईल. जीनमध्ये गाडी रिकामी करताना कोणीतरी 'माल नमुन्यासारखा नाही' म्हणून वांधा काढेल. तोवर बैल सुटलेले, निम्मा कापूस जमिनीवर. कापूस परत भरून घरी कोण नेतो?

याच धुळ्यात, बाजाराच्या गलबल्यापासून दूर, इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे जुनी दप्तरे चाळत बसले आहेत. या महिन्याच्या 31 तारखेला ते जातील. तुम्हाला ते ठाऊक आहे, गावाला नाही.

तुम्हाला आणखीही बरेच ठाऊक आहे. यंदा भाव का पडला ते माहीत आहे: अमेरिकेत विक्रमी पीक आले आहे, सुमारे 1 कोटी 80 लाख गाठींचे. पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात कापूस बाजारांचा कायदा होईल, हेही माहीत आहे. त्यानंतर नियंत्रित बाजारांतून रुमाल हळूहळू हटेल आणि बोली उघड होऊ लागेल. आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे 1927 च्या पावसाळ्याअखेर कापूस पुन्हा चांगलाच वधारणार आहे.

अडत्या परत यायच्या आत तुम्ही शेतकऱ्याला बाजूला घेता आणि सांगता, आज विकू नका, आठ-नऊ महिने थांबा.

तो तुम्हाला नीट निरखतो, काकांनी मघाशी कापूस निरखला तसा. मग गाडीच्या चाकापाशी बसलेल्या सावकाराच्या माणसाकडे हनुवटीने खूण करतो.

"तवलोंग सारा कोन भरी, दादा?"