भावनांचे भाषांतर आणि बोलींची पाहणी : कर्जत-खालापूरच्या संदर्भात

कर्जत व खालापूर हा सह्याद्रीच्या पायथ्याचा मुलूख. १८९१ पर्यंत तो ठाणे जिल्ह्यात मोडत असे. पुढे तो कुलाबा जिल्ह्यात आला आणि १९८१ मध्ये त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. सरकारी सीमा अशा बदलत गेल्या, तरी येथील डोंगरउतारांवर ठाकर व कातकरी यांची वस्ती कायम राहिली. या दोन्ही जमातींच्या बोलींचे नमुने ग्रियर्सनच्या भाषिक पाहणीच्या सातव्या खंडात (१९०५) आलेले आहेत आणि अभ्यासकाचा पहिला आधार आजही तेच असतात. मात्र भावना व अनुभव सांगणाऱ्या वाक्यांपुरती त्यांची साक्ष जपून घेणे अवश्य आहे.

पाहणीचे साहित्य तीन प्रकारचे होते : बायबलातील उधळ्या पुत्राच्या कथेचे भाषांतर, स्थानिक पातळीवर निवडलेला एखादा स्वतंत्र उतारा, आणि शब्द व वाक्ये यांची ठराविक यादी. तिन्ही पुरुषांची सर्वनामे, बहुतेक विभक्ती आणि तिन्ही काळ एकत्र सापडतात, म्हणून ही कथा निवडली गेली. निवड व्याकरणाच्या सोयीची होती. पण कथा मात्र भुकेची, पश्चात्तापाची, कळवळ्याची व रागाची आहे. यादीत 'मारणे' या क्रियापदाची रूपे विपुल आहेत, येथून काश्मीर किती दूर आहे असाही प्रश्न आहे. परंतु मनोव्यापारांना तीत स्थान नाही. त्यामुळे भावनांच्या भाषेचा भार बव्हंशी या भाषांतरित कथेवरच पडला.

अडचण येथेच उद्भवते. इंग्रजी वाक्यात भूक लागलेला, रागावलेला वा हळहळणारा माणूस बहुधा कर्त्याच्या जागी असतो. मराठीत राग 'येतो', भूक 'लागते', वाईट 'वाटते'. माणूस 'त्याला' या रूपाने उभा राहतो. अर्थात 'तो रागावला' हेही शुद्ध मराठीच आहे. परंतु समोर मूळ वाक्य ठेवून भाषांतर मागितले असता, दोन पर्यायांपैकी मुळाच्या बांधणीला जवळचा पर्याय ओठांवर येणे स्वाभाविक आहे. असे वाक्य बोलीत काय संभवते हे दाखवते. काय रूढ आहे हे दाखवतेच असे नाही.

बापाच्या कळवळ्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. मूळ ग्रीक क्रियापद आतड्यांच्या वाचक शब्दापासून बनलेले आहे. रूढ इंग्रजी भाषांतरात ही शरीरप्रतिमा लोपली. मराठी बोलण्यात मात्र 'आतडे तुटणे', 'पोटात कालवणे' हे प्रयोग जिवंत आहेत. म्हणजे मुळाशी जुळणारा शब्द सांगणाऱ्याच्या घरी असूनही, इंग्रजीच्या मध्यस्थीमुळे तो विचारला जाण्याची शक्यता कमी झाली.

एकच मजकूर अनेक बोलींत उतरवण्याची ही रीत युरोपातून आलेली होती. इटलीत १५८४ मध्ये साल्व्हियाती याने बोकाच्चोची एक लघुकथा निरनिराळ्या बोलींत छापली. १८७५ मध्ये पापान्ती याने तिचीच सुमारे सातशे रूपांतरे प्रसिद्ध केली. अपमान मुकाट्याने गिळणारा राजा एका स्त्रीच्या बोलाने जागा होतो, असे तिचे कथानक आहे. उधळ्या पुत्राची कथाही बिओन्देल्ली याने १८५३ मध्ये तेथील बोलींसाठी वापरली होती. विशेष असे की, इंग्रजीतील भावना इटालियनमध्ये नेतानाही वाक्याची बांधणी मोडावी लागते. इटालियन 'मी प्याचे' म्हणजे शब्दशः 'मला आवडते'. त्यातील 'मी' मराठीतील 'मला'चे काम करतो. कीव येण्याचा प्रकारही तसाच. भुकेच्या बाबतीत मात्र इटालियन माणूस भूक 'बाळगतो'. तेव्हा प्रत्येक भाषेने, किंबहुना प्रत्येक भावनेने, माणसाची जागा निराळी ठरवली आहे. ती एका नमुना-मजकुरावरून गृहीत धरता येत नाही.

यावरून ग्रियर्सनचे कार्य उणे ठरत नाही. तेवढ्या विस्तृत प्रदेशाची तुलना एका समान मजकुराशिवाय अशक्यच होती. परंतु ठाकरी वा कातकरी वाक्यरचनेचा अभ्यास करताना भाषांतराआधी स्वतंत्र उतारा वाचावा, आणि दोहोंत विरोध दिसल्यास उताऱ्याला अधिक प्रमाण मानावे, हे उचित होय. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आज या जमातींची मुले प्रमाण मराठीतून शिकत असताना, 'राग आला हे तुमच्यात कसे म्हणतात?' असे विचारून भागणार नाही. त्या प्रश्नातच उत्तराचा साचा दडलेला असतो. भात लावताना, आजारपणात, रुसव्यात माणसे आपसांत जे बोलतात तेच टिपले पाहिजे. नाहीतर त्यांच्या दुःखाचीही नोंद दुसऱ्याच्या व्याकरणात होईल.