खर्ची पडलेली चाल

हेमंतकुमारांचे ‘तुम पुकार लो’ ऐकताना ते एखाद्या बंगाली गाण्याचे हिंदी रूप असावे, असे वाटणे साहजिक आहे. हे गाणे ज्यातले, तो ‘खामोशी’ हा ‘दीप ज्वेले जाइ’ या बंगाली चित्रपटाचाच हिंदी अवतार. दोन्हींची कथा आशुतोष मुखोपाध्याय यांची, दिग्दर्शक असित सेन आणि संगीतकार हेमंत मुखोपाध्याय, म्हणजेच ‘मी डोलकर’ गाणारे हेमंतकुमार. तरीही या गाण्याची चाल बंगालीतून आलेली नाही. का आली नाही, याचा माग चित्रपटांच्या श्रेयनामावल्या आणि ध्वनिमुद्रणे यांतून काढता येतो.

‘दीप ज्वेले जाइ’ १९५९ चा. त्यात नर्स राधा मित्राच्या भूमिकेत सुचित्रा सेन. त्यातले ‘एइ रात तोमार आमार’ (ही रात्र तुझी-माझी) गौरीप्रसन्न मजुमदारांनी लिहिले आणि हेमंतकुमारांनी स्वतःच गायले. १९६४ मध्ये हेच सूर ‘ये नयन डरे डरे’ म्हणून ‘कोहरा’त आले. गीतकार कैफी आझमी, दिग्दर्शक बीरेन नाग, निर्माते खुद्द हेमंतकुमार. ‘कोहरा’ची कथा नर्सची नव्हे, दाफ्ने द्यु मोरिये यांच्या ‘रेबेका’वर बेतलेली. त्यामुळे दोघांची हक्काची रात्र गेली आणि तिच्या जागी भेदरलेले डोळे आले. चालीला धक्का लागला नाही, भाव मात्र पालटला.

साठचे दशक सरताना ‘खामोशी’ आला. ‘कोहरा’ची नायिका वहिदा रेहमान इथेही नायिका. पाच-सहा वर्षांत तेच सूर, तोच आवाज आणि तीच नायिका हिंदी प्रेक्षकांपुढे पुन्हा ठेवणे अवघडच होते. ‘एइ रात’च्या जागी आलेल्या ‘तुम पुकार लो’च्या गुलजारांच्या शब्दांना म्हणूनच नवी चाल मिळाली असावी, हे अनुमान. त्याला आधार ‘खामोशी’तच आहे. ‘दीप ज्वेले जाइ’त मन्ना डे यांनी ‘एमोन बोंधु आर के आछे’ गायले. तुझ्यासारखा दोस्त कुठला, हाच आशय ‘दोस्त कहाँ कोई तुमसा’त आहे आणि गायकही मन्ना डेच. म्हणजे बंगालीतली सामग्री हिंदीत आणायला हेमंतकुमारांची ना नव्हती.

‘कोहरा’ आधी ऐकलेला श्रोता बंगाली गाण्याला नक्कल म्हणू शकतो. सालवारी त्याला खोटे पाडते. ‘तुम पुकार लो’ जन्मले, ते बहुधा जुनी चाल आधीच खर्ची पडली होती म्हणून.