मुकं अक्षर

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने छापलेली जुनी मराठी पुस्तकं चाळताना प्रकाशनवर्ष सहसा पाहावं लागत नाही. 'नांव', 'कांहीं' असे न उच्चारायचे अनुस्वार दिसले की समजावं, पुस्तक १९६२च्या शुद्धलेखन-नियमांआधीच्या वळणाचं आहे. बाल्टिक समुद्राच्या तळाशी एका रशियन पाणबुडीचं वय असंच ठरलं, याचं मला म्हणूनच फारसं नवल वाटलं नाही.

जुलै २०१५मध्ये स्वीडनच्या किनाऱ्याजवळ पाणबुड्यांना सुमारे वीस मीटर लांबीची एक पाणबुडी सापडल्याची बातमी आली. आदल्याच ऑक्टोबरात स्वीडिश नौदल स्टॉकहोमबाहेरच्या बेटांत परकी पाणबुडी हुडकत फिरलं होतं. साहजिकच पहिला संशय आजच्या रशियावर गेला. पण सांगाड्यावरच्या नावाच्या शेवटी एक मुकं अक्षर होतं. पूर्वी रशियनमध्ये शब्द व्यंजनाने संपला की ते लिहीत. त्याला स्वतःचा उच्चार नव्हता. १९१८च्या लेखनसुधारणेने ते शब्दान्ती लिहिणं बंद केलं. नव्या सत्तेचा हट्ट एवढा, की छापखान्यांतून त्याचे खिळेसुद्धा उचलून नेले.

पाणबुडीचं नाव 'सोम'. मराठी माणसाला चंद्र आठवेल, रशियनमध्ये हा गोड्या पाण्यातला मोठा मिशाळ मासा. ती मूळची अमेरिकन, जॉन हॉलंडच्या आराखड्यावर बांधलेली, तेव्हाचं नाव 'फुल्टन'. जपानशी युद्ध पेटल्यावर १९०४मध्ये रशियाने ती विकत घेतली आणि आगगाडीवर चढवून व्लादिवोस्तोकला धाडली. पाणबुडीने सैबेरिया ओलांडला तो असा, रुळांवरून! पहिल्या महायुद्धात ती बाल्टिकमध्ये होती. मे १९१६मध्ये 'ओंगरमानलांड' या स्वीडिश जहाजाशी तिची टक्कर झाली. तारीख जुन्या रशियन पंचांगाने १०, आजच्या हिशेबाने २३. आतली अठराही माणसं बुडाली.

भाषांतर करणारीला प्रश्न पडतो तो त्या अक्षराचा. मराठीत ते कुठे ठेवायचं? 'सोमं' लिहावं तर वाचक तो अनुस्वार उच्चारणार, कारण आज आपण लिहितो ते 'पुस्तकं', 'माणसं' उच्चारासाठीच. तळटीप दिली तर नाव दबून जातं. मी नुसतं 'सोम' लिहिते आणि अक्षराची हकिगत मजकुरातच सांगते. ते अक्षर ओळखू आलं नसतं तर अठरा जणांच्या थडग्याला आणखी काही दिवस शत्रूची घुसखोरी म्हटलं गेलं असतं. सापडली तेव्हा पाणबुडी बाहेरून जवळपास धड होती, आणि तिची झाकणं बंद होती.