मुकी बॅट आणि संघटनेची वही

टेबल टेनिसचा इतिहास सांगताना आपण विजेत्यांची नावं घेतो. पण विजेता ठरण्याआधी कोणीतरी टेबलं मांडलेली असतात, जाळीची उंची मोजलेली असते, आणि २३ प्रवेशिका आल्या तर ३२ चा ड्रॉ करून ९ जणांना पहिल्या फेरीत पुढे चाल दिलेली असते. हे काम संघटनेचं. आमच्या जिल्ह्याच्या हौशी टेबल टेनिस संघटनेचा मी काही वर्षं चिटणीस होतो. कविता करणाऱ्या माणसाला हे पद कोणी दिलं, असं लोक विचारत. अक्षर बरं आणि बैठकीला वेळेवर हजर, एवढीच माझी पात्रता! त्या निमित्तानं या खेळाच्या संघटनांविषयी वाचत गेलो. त्यातली एक हकीकत आज सांगायची आहे. तिचा मधला अंक आपल्या मुंबईत घडला.

जिल्हा संघटना म्हणजे काय असतं? कचेरी नसते. चिटणिसाच्या घरातलं एक कपाट असतं. त्यात इतिवृत्ताची वही, पावतीपुस्तकं, रबरी शिक्का, दोन जाळ्या आणि चेंडूंचे डबे. क्लबांची वर्गणी आणि स्पर्धेची प्रवेश फी हे उत्पन्न. त्यातून राज्य संघटनेची फी, हॉलचं भाडं, चषक आणि पंचांचा चहा. जिल्ह्यातला एखादा मुलगा फारच चांगला निघाला तर रेल्वेत किंवा बँकेत चिकटतो आणि त्यांच्या संघाकडून खेळू लागतो. आपण टाळ्या वाजवायच्या आणि पुढच्या वर्षीच्या तारखा ठरवायच्या. या सगळ्या धडपडीचा हेतू एकच. तालुक्याच्या शाळेतला खेळ आणि मोठ्या शहरातला खेळ एकच असला पाहिजे. टेबल ९ फूट बाय ५ फूट, जाळी ६ इंच उंच, आणि वाद झाला तर कोणाचा शब्द अखेरचा, हे सगळ्यांना ठाऊक असलं पाहिजे.

हे साधं वाटतं, पण सुरुवातीलाच ते जमलं नव्हतं. १९००च्या सुमारास इंग्लंडात सेल्युलॉइडचा चेंडू आला आणि जेवणाच्या टेबलावरच्या या खेळाचं अक्षरशः वेड लागलं. १२ डिसेंबर १९०१ रोजी तिथं टेबल टेनिस असोसिएशन स्थापन झाली. आणि चारच दिवसांनी दुसरी, पिंगपाँग असोसिएशन! खेळ एक, संघटना दोन, दोघींचे नियम वेगळे. त्यात ‘पिंगपाँग’ हे नाव जॅक्स नावाच्या कंपनीनं व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलेलं. १९०३ मध्ये दोघींनी जमवून घेतलं, पण तोवर लोकांची हौस ओसरली होती. १९०४ मध्ये सगळंच थंडावलं. आपल्याकडच्या साहित्य संस्थांचा कारभार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे काही नवं वाटणार नाही.

१९२१-२२ च्या सुमारास जुन्या खेळाडूंनी पुन्हा जुळवाजुळव केली. त्यांना केंब्रिजमध्ये शिकणारा एक पोरसवदा उत्साही तरुण येऊन मिळाला. त्याचं नाव आयव्हर माँटेग्यू. लॉर्डचा मुलगा, पुढे कम्युनिस्ट, चित्रपटांतही वावरलेला. त्यानं नियमांची नीट मांडणी केली. व्यापारचिन्हाची भानगड पुन्हा उभी राहताच ‘पिंगपाँग’ हे नाव सोडून देऊन टेबल टेनिस असोसिएशन हे नाव घेतलं गेलं. १९२६ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ उभा राहिला आणि माँटेग्यू त्याचा पहिला अध्यक्ष झाला. तो १९६७ पर्यंत त्या पदावर होता. त्याच्या आईनं, लेडी स्वेथलिंगनं, सांघिक चषक दिला. महासंघाच्या संस्थापक देशांत भारतही होता. डिसेंबर १९२६ मध्ये लंडनला भरलेली स्पर्धा खरं तर युरोपची म्हणून ठरली होती. पण विलायतेत असलेले आपले खेळाडू त्यात उतरले आणि ती पहिली जागतिक स्पर्धा म्हणून गणली गेली. भारतानं जाऊन युरोपचं जग केलं, असं मी गमतीनं म्हणतो.

महासंघाला नियम दुरुस्तही करता येत होते. १९३६ मध्ये प्रागच्या जागतिक स्पर्धेत एर्लिख आणि पानेथ यांच्यातला एक गुण दोन तासांहून अधिक चालला. दोघंही नुसता चेंडू परतवत राहिले! पुढच्याच वर्षी जाळी पावणेसात इंचांवरून सहा इंचांवर आणली गेली.

मात्र नियमात एक मोठी फट राहून गेली होती. टेबल, जाळी, चेंडू सगळ्याची मापं होती. बॅट मात्र कोणत्याही आकाराची, वजनाची आणि कशाचीही बनवलेली चालत होती. पन्नास वर्षं लाकडावर दाणेदार रबर लावून सगळे खेळत आले, म्हणून कोणाला काही खटकलं नाही.

फेब्रुवारी १९५२ मध्ये जागतिक स्पर्धा मुंबईत भरली. आशियातली ही पहिलीच. जपानही पहिल्यांदाच आला होता. त्यांच्या संघात हिरोजी सातो नावाचा चष्मा लावणारा, किरकोळ शरीरयष्टीचा खेळाडू होता. त्याच्या बॅटवर रबर नव्हतंच, जाड स्पंज होता. जुन्या बॅटवर चेंडू बसला की टक्क आवाज येई. त्या आवाजावरून फटका किती जोराचा, फिरकी किती, याचा अंदाज समोरच्याला येत असे. सातोची बॅट मुकी. चेंडू स्पंजमध्ये रुतायचा आणि आवाज न करता भलत्याच वेगानं बाहेर पडायचा. गझल ऐकताना काफिया कुठं पडणार हे कान आधी हेरतो. तो काफियाच कोणी काढून घेतला तर श्रोत्याचं जे होईल, ते युरोपातल्या दिग्गजांचं झालं. अंतिम सामन्यात सातोनं हंगेरीच्या कोझियानला हरवलं. पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि महिलांचं सांघिक विजेतेपदही जपाननं नेलं. पुरुषांचा सांघिक चषक तेवढा हंगेरीकडे राहिला.

सातोनं कुठलाही नियम मोडला नव्हता. नियमच नव्हता, तर मोडणार काय? पण आता प्रश्न खाली उतरला. उद्या एखाद्या गावच्या स्पर्धेत कोणी स्पंज लावून आला तर त्याला खेळू द्यायचं की नाही? काही देशांच्या संघटनांनी आपल्यापुरती बंदी घातली, काहींनी नाही. म्हणजे १९०१ सारखेच पुन्हा दोन खेळ होण्याची भीती. त्यातच ओगिमुरा १९५४ आणि १९५६ मध्ये, तनाका १९५५ आणि १९५७ मध्ये जगज्जेते झाले. जपानची लाट ओसरायला तयार नव्हती.

निर्णय झाला १९५९ मध्ये, म्हणजे सात वर्षांनी. नुसता स्पंज बाद झाला. पण स्पंजवर रबर चिकटवलेलं ‘सँडविच’ चालेल, एकूण जाडी ४ मिलिमीटरच्या आत हवी. साधं दाणेदार रबर २ मिलिमीटरपर्यंत. सात वर्षं म्हणजे दिरंगाई, असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. सरसकट बंदी घातली असती तर जपान दुखावला असता, काहीच केलं नसतं तर अनेकांनी वेगळी चूल मांडली असती. तडजोड झाली आणि खेळ एक राहिला. आजची प्रत्येक बॅट त्या तडजोडीची आहे. ओगिमुरा तर १९८७ ते १९९४ या काळात महासंघाचाच अध्यक्ष होता.

अशा निर्णयांचं ओझं शेवटी जिल्ह्याच्या कपाटावर येतं. २००० मध्ये चेंडू ३८ मिलिमीटरचा ४० झाला, तेव्हा आमच्याकडे जुन्या चेंडूंचे डबे भरलेले होते. शाळांना सरावासाठी वाटून टाकले. पुढच्याच वर्षी २१ ऐवजी ११ गुणांचा गेम आला. अकराच्या पुढचे आकडे निरुपयोगी झाले, असं वाटून खजिनदारांनी गुणफलकाचे निम्मे पुठ्ठे बाजूला काढले. पण १०-१० नंतर दोन गुणांची आघाडी लागते, म्हणून ते परत लावावे लागले. २०१४ मध्ये सेल्युलॉइडच्या जागी प्लॅस्टिकचा चेंडू आला.

बॅटचा तंटाही १९५९ मध्ये पुरता मिटला नाही. दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या गुणांची, पण एकाच रंगाची रबरं लावून खेळाडू बॅट हातात फिरवू लागले. समोरच्याला कोणती बाजू आली ते कळेना. म्हणून १९८६ पासून एक बाजू काळी, एक लाल असा नियम झाला. २०२१ पासून काळ्याच्या जोडीला लालऐवजी गुलाबी, जांभळा, निळा किंवा हिरवा रंगही चालतो. सकाळी नऊच्या पहिल्या सामन्याआधी पंच दोन्ही बॅटी उलटसुलट करून पाहतो, खेळाडूही एकमेकांच्या पाहतात, आणि मग सर्व्हिस होते.